परिशिष्ट अ दाखवता येत नाही

लिखित करार हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी एका बुधवारी बनवलं. त्याच्या आदल्या मंगळवारपर्यंत मी आयुष्यात एकही करार वाचलेला नव्हता. विरार पूर्वेला फुलपाड्यात आम्ही ज्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याच्या करारावर सही कुठे करायची तिथे बिल्डरच्या माणसाने पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या होत्या. फुली दिसेल तिथे मी सही करत गेलो. एक फुली टेबलाच्या काचेवर कोणीतरी आधीच काढलेली होती, तिथेही मी पेन टेकवलं होतं, असं माझी बायको संजना सांगते. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येक मुद्दा उदाहरण देऊन सांगायची सवय आहे, आणि उदाहरण म्हणून घरात मीच असतो.

आमची कंपनी वालीवहून वापीला गेली आणि मी गेलो नाही, एवढा पूर्वेतिहास पुरे. मी ट्रेनिंग ऑफिसर होतो. लोकांना समोर बसवून त्यांच्या भल्याचं बोलायची मला पगारी सवय लागलेली. पगार गेला, सवय राहिली. संजनाने ती काही दिवस सोसली आणि एकदा जेवताना म्हणाली, "अहो, हे बाहेरच्या माणसांशी करता येतं का बघा ना." म्हणून मी व्यावसायिक कोच होण्याचा ऑनलाइन कोर्स धरला.

कोच म्हणजे काय ते मला सगळ्यांनाच समजावून सांगावं लागतं, तेव्हा इथेही सांगतो. कोच शिकवत नाही, सल्ला देत नाही, स्वतःचं मत सांगत नाही. तो फक्त प्रश्न विचारतो आणि ऐकून घेतो. त्यातून समोरच्याला स्वतःचं उत्तर सापडतं. हे मी संजनाला समजावलं तेव्हा ती गवार मोडत बसली होती.

"म्हणजे तुम्ही ऐकणार?"

"हो."

"तासभर? मध्ये न बोलता?"

"हो."

तिने गवार बाजूला ठेवली. "पहिली क्लायंट मी झाले तर चालेल का?"

नियमाप्रमाणे घरच्यांना घेता येत नाही. हे मी सांगितल्यावर गवार पुन्हा सुरू झाली.

कोर्समध्ये माझ्या मार्गदर्शक होत्या रेवा मॅडम. राहणार पुणे, वयाने माझ्या भाचीएवढ्या. दर आठवड्याला त्या मोबाइलच्या पडद्यावर येऊन मला सर म्हणत आणि मग विद्यार्थ्यासारखं वागवत. एकदा त्यांनी विचारलं, "सर, मैत्री आणि कोचिंग, दोघांत फरक काय?" मी बराच विचार करून विश्वास, अंतर, तटस्थता असं काय काय सांगितलं. त्या म्हणाल्या, "करार, सर. करार असेल तर कोचिंग. नसेल तर गप्पा." प्रमाणपत्राची शेवटची अटही तीच होती: एक खरा क्लायंट आणि त्याच्याशी केलेला सहीचा करार, महिना संपायच्या आत. तो नाही दिला तर पुन्हा पहिल्यापासून कोर्स. म्हणजे पुन्हा ऐकण्याचा सराव. तो माझ्याच्याने दुसऱ्यांदा झाला नसता.

क्लायंट मात्र मिळालेला होता. हरेश्वर. वसई पश्चिमेच्या वाडीवाल्यांपैकी. घरची केळी, नारळ, फुलझाडं. वय तिशी ओलांडलेलं, पूर्वी आमच्याच कंपनीत होता, आता वालीवलाच बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात झाकणं तपासतो. त्याला नेमकं काय हवं होतं हे मला तेव्हा कोणालाही सांगता येत नव्हतं. आता अख्ख्या वसईला माहीत आहे, तेव्हा तुम्हीच का मागे राहावं. त्याला नोकरी सोडून स्वतःच्या वाडीत रोपवाटिका काढायची होती, आणि हे वडिलांना सांगायची हिंमत होत नव्हती.

"ओरडतात का फार?" मी विचारलं. हा चांगला प्रश्न होता. कोर्समधलाच.

"नाही हो सर. ओरडले असते तर बरं होतं. बाबा पेपर खाली ठेवतात."

"मग?"

"मग काय, मी चहाचा कप उचलून आत जातो."

मला त्या पोराची खरंच कणव आली. सहा महिन्यांत याला वडिलांसमोर बसवून बोलता करायचा, असा मी मनाशी निश्चय केला. कणव आणि निश्चय दोन्ही कोचला वर्ज्य आहेत, पण ते रेवा मॅडमना दिसायचं कारण नव्हतं.

आता करार. कोर्सवाल्यांनी कराराचा नमुना पाठवला तो अमेरिकन होता आणि लांबीला सत्यनारायणाच्या पोथीला हार जाणारा नव्हता. त्यात भूकंप, युद्ध आणि महामारी आल्यास क्लायंटने सेशनची वेळ कशी बदलून घ्यावी याची तरतूद होती, पण पाहुणे आल्यास काय, याची नव्हती. वाद झाल्यास डेलावेअर राज्याच्या न्यायालयात जायचं होतं. मी हे सगळं मराठीत आणायला बसलो. क्लायंटला कळावं हा हेतू. निम्म्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मराठीत आणल्यावर ते मलाही कळायला लागलं आहे, आणि त्याचा फार त्रास होतो आहे.

इथे स्टॅनीचा प्रवेश झाला. स्टॅनी आमच्या समोरच्या दारात राहतो. मूळचा वसईच्या गावातला, आता निवृत्त. त्याच्या घराण्याच्या जमिनीचे कागद इतक्या वेळा इतक्या लोकांनी केलेत की कागदपत्र म्हटलं की तो चप्पल न घालताच बाहेर येतो. माझा मसुदा त्याने आमच्याच सोफ्यावर, आमचाच चष्मा लावून वाचला.

"डेलावेअर कुठे आलं रे?"

"अमेरिकेत."

"मग हा पोरगा भांडायला अमेरिकेला जाणार? त्याला इथल्या इथे सफाळ्याला जायला सांग, तरी सुट्टी टाकेल. वसई कोर्ट लिही." मी लिहिलं. "आणि हे साध्या कागदावर?"

"हो. दोघांच्या सह्या झाल्या की झालं."

स्टॅनीने चष्मा काढला. "मुळ्ये, साध्या कागदावरचा करार म्हणजे लग्नाची पत्रिका. आला तर आला, नाही तर नाही. स्टँप पेपर घे. नोटरी कर. उद्या तो म्हणेल माझी प्रगती झाली नाही, मग काय दाखवशील?"

प्रगती झाली नाही तर स्टँप पेपर दाखवून काय होणार, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला स्टँप पेपर ही कल्पनाच आवडून गेली. मजकूर कुठलाही असो, वर तो शिक्का आणि ते वेलबुट्टीचं काम असलं की कोच या शब्दाला वजन येईल असं वाटलं.

मधल्या काळात सोसायटीचे सेक्रेटरी उमंगभाई यांनी एक हरकत घेतली. दाराबाहेर मी छोटी पाटी लावली होती. फ्लॅट राहण्यासाठी आहे, तिथे क्लास चालणार नाही, पोरं जिन्यात चपला काढतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, क्लास नाही, एकच माणूस येणार. उमंगभाईंना वाईट वाटलं. "एकच?" ते हळू आवाजात म्हणाले, "मग राहू दे पाटी. बिचारी कोणाला दिसते." माझ्या व्यवसायाला अधिकृत परवानगी मिळाली ती अशी.

स्टँप पेपर घ्यायला मी आणि हरेश्वर वसईगावात गेलो. शनिवार होता. रांग होती. हातात माझा कागदांचा फोल्डर, बटणाचा, पारदर्शक. खिडकीतल्या माणसाने हरेश्वरचं आधार पाहिलं आणि विचारलं, "कारण?"

"कोचिंगचा करार," मी म्हटलं.

त्याच्या यादीत भाडेकरार होता, प्रतिज्ञापत्र होतं, नावात बदल होता. कोचिंग नव्हतं. "नक्की काय करणार आहात?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मी यांना प्रश्न विचारणार आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हरेश्वरकडे पाहिलं, मग 'इतर' असं लिहिलं. खरेदी करणारा म्हणून हरेश्वरचं नाव घातलं. "दुसऱ्या पार्टीचं नाव तुम्ही घाला नंतर," असं म्हणून कागद दिला आणि मागच्याला पुढे घेतलं. त्या रांगेत आम्ही उभे असताना समोरून हरेश्वरच्या गावातला कोणीतरी स्कूटरवरून गेला आणि त्याने हात केला. हरेश्वरनेही केला. मीही केला, सौजन्य म्हणून.

संध्याकाळी स्टॅनीला हे सांगितलं, तर तो उभाच राहिला.

"तू वाडीवाल्या पोराला घेऊन स्टँपच्या रांगेत उभा होतास?"

"हो. तुम्हीच तर..."

"फोल्डर होता हातात?"

"होता."

"बटणाचा?"

"बटणाचा."

"आणि तू हात केलास?" स्टॅनी खाली बसला. "मुळ्ये, वसईत वाडीवाला माणूस पूर्वेच्या, बिल्डरांच्या भागातल्या माणसाबरोबर फोल्डर घेऊन स्टँपच्या रांगेत उभा राहतो, त्याचा अर्थ एकच होतो. जमीन चालली."

मला हसू आलं. आमचा करार आत्मविश्वासाचा. त्यात एक गुंठासुद्धा नव्हता. मी हसत झोपलो.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात तिघं उभी होती. पुढे पांढऱ्या शर्टातले एक उंच गृहस्थ, हातात राजेळी केळ्यांची फणी. मागे जरा अंतर ठेवून जवळपास तशाच चेहऱ्याचे दुसरे. मध्ये काठापदराच्या साडीतल्या एक ठेंगण्या बाई.

"मी काशिनाथ. हरेश्वरचा बाप," उंच गृहस्थ म्हणाले आणि फणी संजनाच्या हातात दिली. वाडीतला माणूस भांडायला निघाला तरी रिकाम्या हाताने निघत नाही. केळी उत्तम होती, हे मी आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे मला त्यांची चव लागली नाही.

बाई म्हणजे काशिनाथरावांची बहीण, कमळी आत्या, खाडीकडच्या भातशेतीवाल्यांत दिलेली. मागचे गृहस्थ धाकटे भाऊ भालचंद्र. दोघे भाऊ माझ्या सोफ्याच्या दोन टोकांना बसले आणि आत्या मध्ये. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की ही बैठक सोयीची नसून कायमची आहे. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते आत्यामार्फत.

"कशाचा कागद होतोय?" काशिनाथरावांनी थेट विचारलं.

"जमिनीचा नाही," मी म्हटलं.

"जमिनीचं आम्ही कुठे विचारलं?" ते म्हणाले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे दोघांनी आत्याकडे आणि आत्याने दोघांकडे.

"मंग कशाचा हाय?" आत्या म्हणाल्या.

आता माझ्या कराराचं सातवं कलम असं होतं की क्लायंटचं उद्दिष्ट कोच कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही व्यक्तीस, विशेषतः नातेवाईकांस, सांगणार नाही. 'विशेषतः नातेवाईकांस' ही माझी भर. अमेरिकन मसुद्यात ती नव्हती. त्या कलमाचा मला फार अभिमान होता.

"ते मला सांगता येत नाही," मी शांतपणे म्हटलं.

"का?"

"करारात तसं आहे."

आत्या म्हणाल्या, "म्हनजे जमिनीचाच."

भालचंद्र पहिल्यांदा बोलले. "कमळे, त्याला सांग, बापाच्या वाट्यात माझंही नाव आहे. माझ्या सहीशिवाय काही होणार नाही."

"ऐकलं मी," काशिनाथराव छताकडे बघत म्हणाले. "त्याला सांग, माझ्याच सहीचा पत्ता नाही, तुझ्या कुठला."

"आनी मी?" आत्या म्हणाल्या. "मी हक्कसोड दिलेली नाय. माज्या सहीशिवाय तुमा दोघांच्या सह्या म्हनजे रांगोळी."

मी घाईने मसुदा त्यांच्या पुढे ठेवला. लपवण्यासारखं काही नाही हे दिसावं म्हणून. काशिनाथरावांनी तो मोठ्याने वाचायला घेतला. माझं मराठी गद्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचा योग पहिल्यांदाच आला, आणि मी जरा सावरून बसलो.

"'क्लायंटच्या प्रगतीवर अन्य कोणाही व्यक्तीचा हक्क, वाटा अथवा दावा राहणार नाही.'"

"बघा!" भालचंद्र आत्याला म्हणाले. "प्रगती कुठली इमारत? आपल्या आळीच्या मागे उठतेय ती?"

"प्रगती म्हणजे प्रगती हो," मी म्हटलं. "त्याची स्वतःची. मनाची."

"त्याची एकट्याची कशी?" आत्या कडाडल्या. "लहानपनी माज्याकडं न्हेऊन तीन-तीन म्हयने ठेवला. मासे काटं काढून भरवलं. आनी आता प्रगती झाली तर आमी अन्य कोनाही?"

संजना चहा घेऊन आली आणि नको तिथे म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे."

काशिनाथराव शेवटच्या पानावर पोहोचले होते. "'उद्दिष्टाचा तपशील परिशिष्ट अ मध्ये दिल्याप्रमाणे.'" त्यांनी पान उलटलं. मागे कोरं होतं. "परिशिष्ट अ कुठे आहे?"

आता, ज्यांनी जमिनीचे व्यवहार पाहिलेले नाहीत त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. मलाही नंतर स्टॅनीने सांगितलं. जमिनीच्या करारात वरती कितीही मजकूर असो, तो सगळा चटणी-कोशिंबीर. सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, सगळा जीव परिशिष्टात असतो.

"ते दाखवता येत नाही," मी म्हटलं.

तिघंही उठली. काशिनाथराव जाताना शांतपणे म्हणाले, "सही कधी आहे?" मी म्हटलं, गुरुवारी, वसईगावात, ॲडव्होकेट सँड्रा यांच्याकडे. हेही मी सांगायला नको होतं. दार लागल्यावर मी संजनाला म्हटलं, "बघितलंस? मी एक शब्द फोडला नाही." ती केळं सोलत म्हणाली, "हो. हाच बाणेदारपणा कंपनी वापीला निघाली तेव्हा दाखवायला हवा होता."

त्या रात्री हरेश्वरचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "सर, बाबांनी आज पेपर उघडलाच नाही."

"मग बोला ना त्यांच्याशी." हा सल्ला होता. मी जीभ चावली आणि दुरुस्ती केली. "म्हणजे, यावर तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, करार रद्द करू या."

महिना संपत आला होता. रेवा मॅडम, प्रमाणपत्र, पाटी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी त्याला म्हटलं की निर्णय सर्वस्वी तुमचा आहे, कोच दबाव आणत नाही. आणि मग पुढचा अर्धा तास मी दबाव न आणता बोललो. शेवटी तो म्हणाला, "बरं, येतो."

गुरुवारी मी सँड्रा मॅडमच्या ऑफिसात पोहोचलो तेव्हा तिथे खुर्ची शिल्लक नव्हती. काशिनाथराव, भालचंद्र, दोघांच्या बायका, कमळी आत्या, आत्यांचे यजमान. कोपऱ्यात स्टॅनी. तो का आला होता हे मी विचारलं नाही. तो आला नसता तर विचारलं असतं. हरेश्वर भिंतीला टेकून उभा होता, झाकणाच्या मशीनमध्ये चुकून आलेल्या वाकड्या झाकणासारखा. आपल्याला आता बाजूला काढणार हे त्याला कळलेलं होतं.

सँड्रा मॅडम नोटरी. आवाज मोठा, चष्मा कपाळावर. त्यांनी माझा मसुदा झपाझप वाचला. प्रिंटरमध्ये आमचा स्टँप पेपर घालायच्या तयारीत त्यांची टायपिस्ट बसली होती.

"हे काय आहे हो? 'कोच कोणताही सल्ला देणार नाही.' मग तुम्ही देणार काय?"

"अवकाश," मी म्हटलं.

"किती चौरस फूट?" भालचंद्र मागून म्हणाले.

सँड्रा मॅडमनी हात वर करून खोली गप्प केली. "परिशिष्ट अ?"

मी बॅगेतून बंद पाकीट काढलं. त्याला मी लाख लावली होती. सध्या लाख सहजासहजी मिळत नाही. पोस्टातून ओळखीने आणली होती. "गोपनीय आहे," मी म्हटलं. "बंदच जोडायचं."

"मिस्टर मुळ्ये, आत काय आहे ते न बघता मी शिक्का मारू?" त्या म्हणाल्या. "उद्या आत ताजमहाल निघाला तर? उघडा, नाहीतर घरी घेऊन जा. बाहेर चार माणसं थांबलीत."

मी हरेश्वरकडे पाहिलं. सातव्या कलमानुसार पाकीट उघडायचा अधिकार फक्त त्याला होता. खोलीतले सगळे त्याच्याकडे बघत होते. फक्त काशिनाथराव बघत नव्हते. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. पांढऱ्या शर्टातला तो एवढा उंच माणूस, आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की त्यालाही भीती वाटते आहे. पोरगा वाडी विकतो आहे, याची.

हे हरेश्वरलाही दिसलं असावं. तो भिंतीपासून सुटला. माझ्या हातातून पाकीट घेतलं, लाख फोडली आणि कागद वाचायला लागला.

"'उद्दिष्ट. वाडी न विकता, नोकरी सोडून, वाडीत रोपवाटिका सुरू करण्याविषयी वडिलांशी समोरासमोर बसून, न घाबरता, न उठता बोलणे. कालावधी सहा महिने.'"

काशिनाथरावांनी हातांवरची नजर उचलली.

"सहा महिने?" काशिनाथराव म्हणाले. "माझ्याशी बोलायला?"

"बाबा, तुम्ही..."

"रोज सकाळी मी ओट्यावरच बसलेला असतो ना? कुठे गावाला जातो?"

"तुम्ही पेपर वाचत असता."

"मग पेपर म्हणजे काय कंपाउंड आहे? बोलायचं की वरून!"

"मी बोलायला लागलो की तुम्ही पेपर खाली ठेवता."

"अरे, ऐकू यावं म्हणून ठेवतो!" काशिनाथराव कळवळून म्हणाले. "तू तोंड उघडतोस, मी पेपर ठेवतो, तर तू कप घेऊन आत. मला वाटायचं, चहाच हवाय याला."

आत्या पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या ते कळलं नाही. स्टॅनीने मला कोपर मारलं. मी तटस्थ चेहरा केला. कोचने अशा वेळी अवकाश द्यायचा असतो, आणि तो देण्यापलीकडे मला दुसरं काही करताही आलं नसतं, कारण माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं.

"काढ की रोपवाटिका," काशिनाथराव म्हणाले. "झाकणं तपासण्यापेक्षा बरं. पण पाणी कुठून आणणार? रोपांना रोज पाणी लागतं."

आणि दोघे भाऊ पुन्हा दोन दिशांना बघायला लागले. त्यांच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे वाडीच्या पाण्यासाठी पूर्वजांनी खणलेलं तळं. ते दोन्ही भावांच्या सामाईकात. पंप कोणी कधी लावायचा यावरून भांडण होऊन भाऊ बोलायचे थांबले होते, हे मला त्याच मिनिटाला स्टॅनीने कानात सांगितलं. त्याला ते कसं माहीत होतं हे विचारायला वेळ नव्हता.

"कमळे, त्याला सांग..." भालचंद्रांनी सुरुवात केली.

"मी काय नाय सांगनार," आत्या म्हणाल्या. "पानी तुमचं, तोंडं तुमची. मी घसा फोडून दमले."

भालचंद्र थोडा वेळ चुळबुळले. मग सरळ मोठ्या भावाकडे तोंड करून म्हणाले, "दादा, पोराच्या रोपांना पाणी नको म्हणेन का मी? सकाळचा पंप त्याचा. मी संध्याकाळी लावीन."

"सकाळी तुझी केळी कोरडी राहतील."

"एक दिवसाआड करू मग."

"एक दिवसाआड चालेल," काशिनाथराव म्हणाले.

"थांबा, थांबा!" सँड्रा मॅडमनी चष्मा नाकावर आणला. "आत्ताच्या आत्ता लिहून घ्या. मी बावीस वर्षं भावाभावांचे कागद करतेय. दार ओलांडलं की एक दिवसाआडचे दोन होतात."

"कागद कुठून आणणार आता? स्टँपवाला जेवायला गेला असेल," कोणीतरी म्हणालं.

"ह्यो काय हाय की," म्हणत कमळी आत्यांनी प्रिंटरकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी माझ्या स्टँप पेपरकडे पाहिलं. सँड्रा मॅडमनी उचलून तपासला. नाव हरेश्वरचं. कारण 'इतर'. दुसऱ्या पक्षाची जागा मोकळी. "फर्स्ट क्लास," त्या म्हणाल्या. "यात सगळं बसतं."

मी हळूच म्हटलं, "पण कोचिंगचा करार..."

हरेश्वर माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उजळलेला होता. "सर, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही नसता तर हे झालंच नसतं."

"मग सेशन कधी सुरू करू या?" मी विचारलं.

"कसलं सेशन?" तो खरोखरच गोंधळून म्हणाला.

मी बाहेर जिन्यात जाऊन रेवा मॅडमना फोन लावला आणि क्लायंटचं उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं सांगितलं. त्या किंचाळल्याच. "वॉव सर! किती सेशनमध्ये?" मी म्हटलं, एकही नाही. त्या जरा थांबून म्हणाल्या, "ओके. मग करार पाठवा." मी म्हटलं, करार प्रिंट होतो आहे, पण तो पाण्याचा आहे. त्यावर रेवा मॅडमनी "मग आता पुढे काय, सर?" एवढंच विचारलं आणि स्वतःचं मत न सांगता माझं उत्तर ऐकून घेतलं. त्या खरंच चांगल्या कोच आहेत. कोर्स पुढच्या महिन्यात पहिल्यापासून सुरू होतो.

आत आलो तेव्हा सह्या चालू होत्या. काशिनाथराव, भालचंद्र, हरेश्वर, आणि हक्कसोड दिलेली नसल्यामुळे कमळी आत्या. सँड्रा मॅडमनी मान वर केली आणि खोलीभर नजर फिरवली. "साक्षीदार दोन लागतील. नात्यातले नकोत."

त्या करारावर माझी सही आहे. साक्षीदार क्रमांक दोन. क्रमांक एक स्टॅनी.